आक्कांची मांजरं

आक्कांची मांजरं कानडी होती. म्हणजे त्यांना मराठी कळत नव्हतं असं नाही. 'खाली उतर', 'ओट्यावर नको', 'सोड ते' हे सगळं त्यांना नीट कळायचं आणि ती ते नीट ऐकून घेऊन दुर्लक्ष करायची. पण हाकेला यायची ती फक्त कानडीत. सकाळी दूध तापवून झालं की आक्का मागच्या दाराच्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि अख्ख्या उचगावला ऐकू जाईल अशा आवाजात "बा, बा, बा" म्हणून ओरडायच्या. बा म्हणजे ये. मग पत्र्यावरून सोनी यायची, शेजारच्यांच्या मोटारसायकलवरून तांबू यायचा, आणि त्यांच्यामागे कुणाचीच नसलेली दोन-तीन मांजरं जरा अंतर राखून बसायची. मी चिपळूणहून कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शिकवायला आले आणि आक्कांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी सकाळी मला वाटलं, आक्का मलाच बोलावतायत, म्हणून मी धावत खाली गेले. "तुला न्हाय गं," आक्का म्हणाल्या, "पण आलीयास तर च्या घे."

आक्का उंच, हाडकुळ्या, किंचित वाकलेल्या. नऊवारी घट्ट नेसलेली, हातात रिकाम्या वेळी जपाची माळ. बोलणं असं, की अंगणात दोघी बोलत बसल्या तरी रस्त्यावरच्या माणसाला भांडण वाटावं. "मी आलो की," "मी सांगतो तुला," असं त्या स्वतःबद्दल बोलायच्या. कोल्हापुराकडं बायका असं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. पुढे माझ्याही तोंडात ते इतकं बसलं, की सुट्टीत घरी गेल्यावर आई हसायची.

त्यांचं माहेर सीमेपलीकडं, कानडी मुलखात, सासर कुरुंदवाडला. मालक गेल्यावरही त्या तिथंच एकट्या राहिल्या होत्या. मुलगा श्रेणिक इकडं फौंड्रीत कामाला लागला, घर बांधलं, लग्न झालं, नात झाली, तरी आक्का हलल्या नव्हत्या. त्यांना हलवलं ते पुरानं. पाणी घरात शिरलं तेव्हा त्या माळ्यावर जाऊन बसल्या, आणि बोट आली तेव्हा पदराच्या झोळीत सोनी घेऊन खाली उतरल्या. ती तेव्हा पिल्लू होती. बोटीतला पोरगा म्हणाला, "आजी, आधी माणसं. मांजर ऱ्हाऊ दे." आक्का म्हणाल्या, "मग माझ्याबदली तिलाच ने. ती माझ्यापरीस हलकी हाय." पोरगा हसला आणि त्यानं दोघींनाही घेतलं. पाणी ओसरल्यावर घराच्या मागच्या भिंती बसलेल्या निघाल्या. श्रेणिकदादा त्यांना उचगावला घेऊन आले ते कायमचंच. सोबत आलेल्या सामानात एक डबा, देवाचा फोटो आणि सोनी, एवढंच काय ते होतं.

घर जैनाचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यानंतर आक्का पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. कांदा-बटाटा घरात नव्हता. लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला की बरणी गेलीच, कारण बुरशीत मोजता येणार नाहीत इतके जीव असतात. अशा घरात मांजरं कशी, असं मी एकदा विचारलं. सोनी नुकतीच पत्र्याखाली उंदीर घेऊन गेली होती. आक्कांनी तिकडं पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "त्येंचं कर्म त्येंच्यापाशी. मी दूध-भाकरी घालतो. वर काय खात्यात ते मी इचारत न्हाय."

नवीन मांजर दिसलं की त्या आधी लाड करायच्या नाहीत. मंडईत वांगी निवडावीत तसं उलटंपालटं करून बघायच्या. कान दुमडून आत, मग कानामागं, हनुवटीखाली, पुढच्या पायांच्या आतल्या अंगाला, शेपटीच्या मुळाशी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गाई-म्हशींच्या घरात आयुष्य गेलं, गोठ्यातलं जनावर रोज हातानं चाचपायची सवय, तीच मांजरांना लागू झाली होती.

श्रेणिकदादांची मुलगी चिनू शाळेत जायला लागली होती. तिच्या वाढदिवसाला दादांनी एक मांजर आणलं. पर्शियन, पांढरं शुभ्र, लांब केसांचं, नाक चेपलेलं. चिनूनं त्याचं नाव प्रिन्स ठेवलं. आक्कांनी त्याला हातात घेऊन फिरवून बघितलं. "नाक कुणी दाबलं रं ह्येचं?" म्हणाल्या. मग केस बाजूला सारायला लागल्या, पण केसांत बोट शिरेना. "ह्येच्यात काय दिसायचं? कापसाच्या गादीत सुई शोधल्यागत हाय." आणि त्यांनी प्रिन्सला चिनूच्या मांडीवर सोडून दिलं.

पावसाळा नुकता लागला होता. काही आठवड्यांनी चिनूच्या मानेवर एक तांबूस गोल चट्टा उठला. कडा उंच, मध्ये त्वचा मोकळी. वैशालीवहिनींनी, म्हणजे आक्कांच्या सूनबाईंनी, औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावली. चार-पाच दिवसांत लाली गेली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि ट्यूब थांबवताच चट्टा दुप्पट होऊन परत आला. मग दुसरा आला, खांद्यावर. मग माझ्या मनगटाच्या वर एक. सोनी माझ्या पेपरांवर झोपायची आणि मी तपासताना तिच्यावरच हात टेकायची.

आक्कांनी माझा हात उजेडात धरला. "गजकर्ण," म्हणाल्या, आणि त्याच क्षणी काहीतरी सुचल्यासारख्या उठून सोनीला उचलून दारात घेऊन बसल्या. सोनीच्या डाव्या कानामागं नाण्याएवढी जागा उघडी पडली होती. केस मुळातून गेलेले नव्हते, मध्येच तुटलेले होते, दाढीच्या खुंटासारखे. कातडीवर राखेसारखा कोंडा. तांबूच्या पुढच्या पायावरही तसंच. तो खाजवत नव्हता, खात-पीत होता, खेळत होता. "बघ की," आक्का म्हणाल्या, "दुखत न्हाय, खुपत न्हाय, म्हणून कुणाला कळत न्हाय."

मी त्यांना माझ्या स्कुटीवरून जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिन्ही मांजरं पिशव्यांत आणि टोपल्यांत. डॉक्टर तरुण होते, आक्कांना 'आजी' म्हणायचे. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, खिडकीवर पडदा ओढला आणि एक जांभळ्या उजेडाचा हातदिवा पेटवला. सोनीच्या कानामागं धरला. काहीच दिसलं नाही. तांबूच्या पायाचे तीन-चार केस हिरवट चमकले. मग त्यांनी दिवा प्रिन्सवर धरला, आणि त्या पांढऱ्या केसांत, पोटापासून गळ्यापर्यंत, कच्च्या सफरचंदाच्या रंगाचा उजेड पसरला. केसाकेसाला. प्रिन्स जांभई देत होता.

"ह्याच्यावर एकही चट्टा नाही," डॉक्टर म्हणाले, "पण मूळ ह्याच्यात आहे. लांब केसांच्या मांजरांत असं असतं. आजार नुसता घेऊन फिरतात, दाखवत नाहीत."

"आणि सोनी? ती न्हाय चमकली."

"चमकली नाही म्हणजे नाही, असं नसतं आजी. सगळ्या केसांवर चमक येत नाही." त्यांनी कोरा टूथब्रश काढला आणि सोनीच्या अंगभर विंचरला. ब्रशला लागलेले केस प्रयोगशाळेत पाठवायचे, तिथं बुरशी वाढते का बघायची. त्याला आठवडे लागतात. चट्टा गेला, केस आले, म्हणून औषध थांबवायचं नाही. तपासणी दोनदा साफ यायला हवी.

आक्का अजून प्रिन्सकडंच बघत होत्या. दिवा बंद झाला होता. "डॉक्टर, ते हिरवं दिसलं ते जित्तं हाय का?"

"हो, बुरशीच ती. जिवंतच."

"आणि औषधानं मरतंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. प्रश्न कुठून येतोय ते त्यांना कळलं नाही. "मरायलाच पाहिजे की आजी," ते म्हणाले.

परत येताना आक्का स्कुटीवर मागं टोपली मांडीवर धरून बसल्या होत्या. घराच्या वळणावर त्या एकदम म्हणाल्या, "जे काय पाप आसंल ते माझ्या नावावर लागू दे. मांजराच्या न्हाय, पोरीच्या न्हाय. औषध माझ्या हातानं घालणार."

मागची खोली रिकामी करून तिन्ही मांजरं तिच्यात ठेवली. सोनी आणि तांबू मोकळे, प्रिन्स टेबलावरच्या मोठ्या पिंजऱ्यात. कारण पिंजऱ्याबाहेर तो जिथं बसे तिथं पांढरे केस पडत, आणि तुटलेल्या त्या केसांवरची बुरशी महिनोन् महिने जिवंत राहते. तिघांचेही केस कापले. डॉक्टरांनी गंधक आणि चुन्याचं पिवळं औषध दिलं होतं, ते पाण्यात मिसळून आठवड्यातून दोनदा अंगभर भिजवायचं, पुसायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं. प्रिन्स हळद लावलेल्या नवरीसारखा पिवळा दिसायला लागला. आणि त्या औषधाला सडलेल्या अंड्याचा वास होता.

ज्या घरात अंडं कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं त्या घरातून दर आठवड्याला सडक्या अंड्याचा भपकारा निघायला लागला. समोरच्या वहिनी नाकाला पदर लावून विचारून गेल्या. देवळातून येताना कुणीतरी श्रेणिकदादांना बाजूला घेतलं. आक्का अंगणात उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "औषध हाय! आत येऊन बघा, पावणं! कोण यतंय?" कुणी आलं नाही. कोंडलेल्या मांजरांना पाकिटातलं खाणं द्यावं लागे, त्यात मासळी असे. आक्का ते पाकीट हातात धरत नव्हत्या. ते काम माझ्याकडं. "तुला तर म्हाइतीच्या वासाचं हाय," असं म्हणून त्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या आणि मी वाट्या भरायची.

गोळीतलं औषध तोंडानं द्यायचं होतं. आक्का ते सायीत कालवायच्या. तांबू चाटून मोकळा व्हायचा. सोनीला मात्र कळायचं. तिला मांडीवर दाबून, जबडा उघडून, औषध जिभेच्या मागं सोडावं लागे, आणि ती आक्कांच्या मनगटावर ओरखडे काढी. औषध पोटात गेल्यावर मी तिला सोडून द्यायला गेले तर आक्कांनी माझा हात धरला. "लगीच सोडायचं न्हाय. राग जाईस्तवर मांडीवर ठिवायचं. न्हाईतर ध्यानात ऱ्हातंय, ह्या हातानं कडू घातलं म्हणून." आणि त्या सोनीच्या डोक्यावरून हात फिरवत बसायच्या. ती गुरगुरायची. थोड्या वेळानं गुरगुरण्याचा सूर बदलायचा.

वैशालीवहिनींबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं. त्या वाईट नव्हत्या. त्या पावसाळ्यात त्यांच्याइतकं कुणी राबलं नसेल. चादरी रोज उकळत्या पाण्यात, चिनूचे कपडे वेगळे, सोफ्याची खोळ काढून धुतलेली. कातडीच्या डॉक्टरांनी ती दुकानातली ट्यूब बघून डोक्याला हात लावला होता. त्या ट्यूबनं लाली दबते आणि आजार आत पसरतो. त्यामुळं चिनूचं बरं व्हायला वेळ लागणार होता. शाळेनं कळवलं, अंग साफ होईपर्यंत मुलीला पाठवू नका. पंधरा ऑगस्टच्या नाचात ती पहिल्या रांगेत होती, ती जागाही गेली. चिनू खिडकीत बसून रडायची. एका सकाळी वहिनी मागच्या खोलीच्या दारात आल्या. आक्का आत जमीन पुसत होत्या.

"आत्ती, एक सांगा. मांजरं पाहिजेत का माझी पोर?"

आक्का उठल्या नाहीत. "दोन्ही बरी व्हत्यात की."

"कधी? म्हैना होऊन गेला! सगळ्या घराला वास मारायला लागलाय. पोरगी माझ्याजवळ झोपायची बंद झाली, मलाही होईल म्हणून. सोडून द्या की त्यांना कुठंतरी लांब."

"आजारी सोडायचं? मग ती दुसऱ्याच्या पोरीला देणार."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून आक्कांनी आपलं अंथरूण मागच्या खोलीत नेलं. घरात कमीत कमी वावर. जेवणही मागच्या पायरीवर. चिनूला त्या लांबूनच बघायच्या आणि तिला हसवायला मांजरासारखं ओरडायच्या. मागच्या खोलीची साफसफाईही त्यांनी कुणाला करू दिली नाही. आधी केस ओल्या फडक्यानं टिपायचे, मग साबणाचं पाणी, मग बरंच पाणी घालून पातळ केलेलं ब्लीच, मग पुन्हा साधं पाणी, सगळं वाळल्यावरच मांजरं खाली. फिनेल मांजरांना विष असतं, ते खोलीत आणायचंही नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना बजावलं होतं. आक्का ते काम एकट्याच करायच्या, म्हणून कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

आणि खरंच उतार पडत होता. चिनूच्या मानेवरचा चट्टा फिकट झाला. माझा हात तर कधीच बरा झाला होता. सोनीच्या कानामागं लव आली, मग केस आले. तिची पहिली तपासणी साफ आली. दुसऱ्यांदा ब्रश करून केस पाठवले होते. एका संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी आक्का, सोनी आणि तांबू मागच्या पायरीवर बसलेले मी वरून बघितले. तिघंही एकाच दिशेला, उसाकडं बघत होते.

श्रावण संपत आला होता. कुरुंदवाडला आक्कांच्या जावेचं निधन झालं. निरोप सकाळीच आला. आक्का पहिल्या गाडीनं निघाल्या. मी कॉलेजला जायच्या घाईत होते. "दूध घालून झालंय, औषध द्यून झालंय," त्या म्हणाल्या, "सांजच्याला मी हायेच." वहिनी दारात उभ्या होत्या. त्या भांडणानंतर दोघी जेमतेम बोलत होत्या. आक्कांनी जाता जाता त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि गेल्या.

त्या दिवशी दुपारी मी घरी परतले तर फाटकातच मला वेगळा वास आला. अंड्याचा नव्हता. झणझणीत, गोडसर, दवाखान्यासारखा. मी चपला न काढता मागं धावले.

वहिनी कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. घामानं भिजलेल्या, चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा. "ताई, बघा की," त्या म्हणाल्या, "आत्ती यायच्या आत सगळी खोली लख्ख केली. ब्लीच संपलेलं, म्हणून फिनेल घातलं, जरा जास्तच घातलं, म्हणजे सगळे जंतू मरतील. पिंजऱ्याखालनं पण पुसलं."

जमीन ओली होती. तांबू भिंतीच्या कडेनं चालत होता आणि त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. सोनी आपले पंजे चाटत बसली होती. तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. केस कापलेलं अंग, ओली जमीन, आणि मांजर ते चाटून काढणारच. प्रिन्स वर पिंजऱ्यात होता, म्हणून कोरडा होता.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आम्ही दोघींनी त्यांना कोमट पाण्यानं पुन्हापुन्हा धुतलं. वहिनींच्या हातून साबण सारखा निसटत होता. "मी काय केलो, ताई? मी काय केलो?" एवढंच त्या म्हणत होत्या. मग टोपली घेऊन त्या माझ्या मागं स्कुटीवर बसल्या. चिनूला समोरच्यांकडं सोडलं. रस्त्यात टोपलीत हालचाल होत होती, ती दवाखान्याजवळ कमी झाली. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. तांबू तासाभरात गेला. तो कायम अंगानं दांडगा होता, आपलं काही होणार नाही असा त्याचा चेहरा असे, तो तसाच राहिला होता.

आक्का सांजेला उतरल्या त्या सरळ दवाखान्यात आल्या. श्रेणिकदादांनी त्यांना स्टँडवरच सांगितलं होतं. त्या आल्या आणि वहिनींकडं न बघता सोनीजवळ गेल्या. सोनी तेव्हा आडवी होती, डोळे उघडे, अंगात बारीक कंप. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. आक्कांनी मान हलवली. रात्रभर सोनी तिथंच राहिली, आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आक्का दाराशी जाऊन बसलेल्या होत्या. दुपारी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, आता काही उपयोग नाही आजी. आक्कांनी सोनीला मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी वाकल्या आणि णमोकार म्हणायला लागल्या. एरवी गल्लीला ऐकू जाणाऱ्या त्या आवाजाचं कुजबुजणं मी पहिल्यांदाच ऐकलं. सोनीचा कान दोनदा हलला. मग हलला नाही. आक्का मंत्र पुरा झाल्यावरच थांबल्या.

दोघांना घराच्या मागं, बांधाच्या कडेला पुरलं. श्रेणिकदादांनी खड्डा केला. वहिनी खिडकीआड उभ्या होत्या.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. तो मी घेतला, कारण आक्कांकडं फोन नव्हता. "सोनीची दुसरी तपासणी आली," ते म्हणाले. "साफ आहे. ती बरी झाली होती." हे आक्कांना सांगायचं की नाही, हे मला ठरवता येईना. पण त्या समोरच उभ्या होत्या आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मी सांगितलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. केस मऊ लागत हुतं."

प्रिन्सचं औषध त्यांनी थांबवलं नाही. तेच गंधकाचं पाणी, तेच सायीतलं औषध, तीच साफसफाई. पण औषध दिल्यावर त्या त्याला मांडीवर ठेवून बसायच्या नाहीत. पिंजऱ्यात परत घालायच्या आणि दार लावायच्या. तो दोनदा साफ निघाल्यावर दादांनी त्याला एका मित्राच्या घरी देऊन टाकलं. चिनू रडली, पण फार नाही. ती शाळेत जायला लागली होती.

पर्युषणात आक्कांनी उपवास केले. संपता संपता क्षमावाणी आली. त्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. कळत-नकळत जे घडलं असेल त्याची. मी खाली गेले होते. वहिनी आंघोळ करून, कोरी साडी नेसून आक्कांसमोर आल्या आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्ती, उत्तम क्षमा. माझ्या हातनं..." आक्कांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. "उत्तम क्षमा," म्हणाल्या. मग स्वतः हात जोडले. "मलाबी क्षमा कर. मी सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाय. आणि मी लई जीव मारलं ह्या दोन म्हैन्यांत. मोजता न्हाय यायचं इतकं. त्येचंच हे आलंय. तुझं काय न्हाय त्यात."

त्या मनापासून बोलत होत्या, हे वाईट होतं. वहिनींनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा आणखी पडला.

त्यानंतर आक्का मागच्या दाराकडं फारशा गेल्या नाहीत. कुणाचीच नसलेली ती मांजरं काही दिवस सकाळी येऊन बसली, मग यायची बंद झाली. आक्कांचं बोलणंही कमी झालं. मी आल्यावर "आलीस का" म्हणायच्या आणि पुन्हा माळ ओढायच्या. घरात आता कुणाच्या अंगावर चट्टा नव्हता, वास नव्हता, जमीन स्वच्छ होती.

दिवाळीनंतर वहिनींनी एक पिल्लू आणलं. गडमुडशिंगीला त्यांच्या मैत्रिणीच्या घरी मांजर व्यायली होती, तिचं. काळं-पांढरं, मुठीएवढं. आधी त्या त्याला त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेल्या होत्या, दिव्याखाली तपासून, ब्रश करून, निकालाची वाट बघून, मग आणलं. त्यांनी ते आक्कांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून उभ्या राहिल्या.

आक्कांनी पिल्लाकडं बघितलं. मग त्यांचे हात आपोआप चालायला लागले. कान दुमडला, आत बघितलं. कानामागं. हनुवटीखाली. पुढचे पाय उचलून आतल्या अंगाला. शेपटीच्या मुळाशी केस सारून. पिल्लू त्यांच्या बोटाला धरून चोखायला लागलं. त्यांनी बोट हळूच सोडवून घेतलं.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. परत दे जा."

"आत्ती, तुमच्यासाठी आणलंय."

"कळलं की. परत दे. मी न्हेम घेतलाय, आता ह्या जल्मात जनावर न्हाय."

वहिनींनी पिल्लू उचललं. मी त्यांना माझ्या स्कुटीवरून गडमुडशिंगीला घेऊन गेले. मैत्रिणीनं दार उघडलं तेव्हा म्हणाल्या, "आत्तींना झेपणार नाही आता," आणि पिल्लू तिच्या हातात दिलं.

आक्का त्याच थंडीत गेल्या. मोठं काही झालं नाही. आधी जेवण कमी झालं, मग उठणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. शेवटच्या दिवसांत वहिनीच त्यांचं सगळं करायच्या. तोंड पुसणं, कूस बदलणं, मंत्र म्हणून दाखवणं. आक्का त्यांच्याकडं बघून हसायच्या, हात हातात घ्यायच्या. कधीही चिडल्या नाहीत, आणि त्या दिवसाबद्दल कधीही बोलल्या नाहीत.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवल्यावर मी खाली निरोप घ्यायला गेले. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. पाठ माझ्याकडं होती. मी "येते" म्हणाले तरी त्या वळल्या नाहीत. ओटा पुसत राहिल्या, एकच जागा.

"ताई," त्या म्हणाल्या, "त्या मला कधी एक शब्द वाईट बोलल्या नाहीत हो. एकदा तरी बोलायला पाहिजे होत्या."